कारणाचा रकाना

भोईवाड्यातल्या या हॉलची चावी माझ्याकडे असते.
तासाला तीनशे, पंख्यांचे वेगळे,
आणि एक नोंदवही, लाल कापडी पुठ्ठ्याची:
नाव, वेळ, माणसं किती, कारण.

पहिले तीन रकाने लोक पटापट भरतात.
कारणाशी पेन अडतं.

सकाळी सातला नलिनीबाईंचा वर्ग.
पंधरा मुली, गुडघे वाकवून अर्ध्या बसलेल्या,
काठी लाकडावर पडते,
तीस टाचा एकदम फरशीवर येतात
आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
वर माणूस पाठवतात.
कारण: अरंगेत्रम, पुढच्या मार्चात.

अकराला बायका येतात, बूट घालून.
आरशावर वाफ धरते.
कारण: वजन.
एकीनं पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, सासूबाई.

दुपारी कुणाच्या तरी लग्नाची तालीम.
नवरदेवाचा मामा, बँकेतून अर्धी रजा काढून आलेला,
चार म्हटलं की उजवीकडे जायचं, तिथं डावीकडे जातो,
दर वेळी,
आणि दर वेळी असा खुलतो
की शिकवणाऱ्या पोरानं शेवटी
सगळ्या वऱ्हाडालाच डावीकडे वळवलं.

रात्री शूटिंगवाली पोरं, मागच्या रांगेतली.
पडद्यावर यांचे खांदे दिसतात, तोंडं नाहीत.
घोट्याला पट्टी, कमरेला बाम, पुन्हा पहिल्यापासून.
कारण: पोट.

झाडताना कळतं मला, कोण काय नाचलं.
सुटा घुंगरू, टिकली,
अंगठ्याची चिकटपट्टी, अबोलीची अर्धी वेणी.
कथकवाल्यांनी गिरक्या घेऊन घेऊन
खिडकीपाशी फरशीला वाटी पाडलीय,
पुसताना पाणी तिथंच थांबतं.
लावणीचा सराव झाला की धूळ दाराकडे सरकलेली असते.
का, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या बुधवारी एक बाई आल्या.
नाव: कुमुद टिपणीस. माणसं: एक.
कारण कोरं.
मी म्हटलं, लिहावं लागतं हो, ट्रस्टी बघतात.
म्हणाल्या, झाल्यावर लिहिते.

गाणं लावलं नाही. पंखासुद्धा नको.
पस्तीस मिनिटं नुसत्या उभ्या.
मी दाराच्या फटीतून पाहत होतो,
चोरासारखा, खरं सांगायचं तर.
मग मनगट वळलं.
मग खांदा, मनगटाला विचारून.
अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला,
भरलं पातेलं एका हातून दुसऱ्या हाती द्यावं
तसा, न सांडता.
आणि चाळीस बाय पंचवीसचा हा हॉल,
मी रोज कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाडतो तो,
कुठून कुठवर आहे, ते मला कळेना.

जाताना पूर्ण तासाचे पैसे दिले.
वही तशीच.

मी गुहागरकडचा. गणपतीत जाखडी असायची आमची.
कमरेला शेला, उजव्या पायात चाळ,
एकाच पायात,
मध्ये ढोलकीवाला आणि भोवती आम्ही आठ जण,
कोंबडा आरवेपर्यंत.
कशासाठी, असं कुणी विचारलंच नाही.
विचारलं असतं तर बुवांनी ढोलकी थांबवून
त्यालाच आधी रिंगणातून बाहेर काढला असता.

त्या रात्री शूटिंगची पोरं गेल्यावर
कडी आतून लावली.
गुडघा म्हणाला, पाष्टे, वय बघा.
उजवा पाय आपटला. चाळ नव्हता,
तरी घोट्याला तो जागच्या जागी जड लागला.
दुसऱ्यांदा आपटला. मग गोल फिरलो,
सात जणांची जागा सोडून.

खालचा दवाखाना बंद होता, बरं झालं.

पाच मिनिटांचे पंचवीस होतात.
ते गल्ल्यात टाकले. वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली.
माणसं: इथं मात्र बराच वेळ अडलो.
पुढच्या रकान्याचं तर सोडाच.